लाल ठिपक्याची डबी

आमच्या डबीला सासऱ्यांनी चार अटी घातल्या होत्या. तिला पडदा नको, एकच बटण असावं. ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या पेन्सिल सेलवर चालावी. हातातून पडली तर फुटू नये. आणि अशा चार डब्यांचा संच साध्या सायकलीपेक्षा महाग पडू नये.

एका डबीत एकच आवाज रेकॉर्ड व्हायचा. मागे माइक खुपसायची जागा, वर आवाज कमीजास्त करायची चकती, मधोमध बटण, आत मेमरी कार्ड. गाणारीला एक डबी, व्हायोलिनला दुसरी, बासरीला तिसरी. डब्या शेजारीशेजारी ठेवल्या की कडेच्या लोहचुंबकाने टक्कन चिकटायच्या आणि पहिल्या डबीच्या ठोक्यावर बाकीच्या चालायच्या. आज एक घ्या, जमेल तशी दुसरी जोडा. सगळे आवाज सुटेसुटे राहतात, त्यामुळे मागाहून गाणारीला मोठं करा, बासरीला बारीक करा, तुमची मर्जी. सासऱ्यांनी जन्मभर लोकांचे टेपरेकॉर्डर दुरुस्त केले होते, त्यांचं हे म्हातारपणीचं स्वप्न होतं. त्यातला ठोका, चुंबक, खोकं, चकती, सगळं मी केलं होतं. अडीच वर्षं लागली.

राहिला होता फक्त आत येणाऱ्या आवाजाचा बोर्ड. माइकमधून येतो तो आवाज अगदी किरकोळ असतो. तो मोठा करायचा, पण मोठा करताना आपली खरखर त्यात मिसळू द्यायची नाही. सगळी कसोटी तिथेच असते. आणि नेमका तिथे माझा साडू येऊन बसला.

मी मत्सरी माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला शोधायचे कष्ट नकोत. बायकोच्या धाकट्या बहिणीचं लग्न दोन वर्षांपूर्वी झालं आणि वर्षभरात हे गृहस्थ आमच्या वर्कशॉपमध्ये. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ते बाईबद्दलच का म्हणतात कोण जाणे. आमच्याकडे तो जावई होता. मला जे काम आठवडाभर पुरायचं ते तो दुपारच्या चहापर्यंत उरकायचा, आणि उरकताना सारखा गुणगुणायचा. मनातल्या मनात मी त्याचं नाव गुणगुण्या ठेवलं होतं.

सासरे मला बारा वर्षं 'जावईबापू, तुम्ही' म्हणत आले होते. त्याला दुसऱ्या आठवड्यापासून 'अरे, इकडे ये'. लोकांना वाटायचं, थोरल्याला केवढा मान! मान पाहुण्याला देतात. घरच्याला हाक मारतात. एवढं कळायला मला डोकं चालवावं लागलं नाही, पोटातच कळायचं.

वर्कशॉप म्हणजे गाद्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली लांब टेबल, त्यावर मोजायची यंत्रं, भिंतीला शंभरेक छोटे खण. आतली खोली जेमतेम दोन माणसं मावतील एवढी. तिच्या चारही भिंतींना आणि दाराला खालच्या दुकानदाराने दिलेल्या फाटक्या गाद्या ठोकलेल्या होत्या. जुन्या कापसाचा कोंदट वास यायचा. दार लावलं की रस्ता बंद, पंखा बंद, आणि मग आपण आवंढा गिळलेला आपल्यालाच ऐकू यायचा. तिला आम्ही गादीखोली म्हणायचो.

एका रविवारी जेवताना सासऱ्यांनी जाहीर केलं, "बोर्ड दोघांनीही करा. ज्याचा जास्त शांत, तो डबीत जाईल. डबीच्या बुडाला त्याचं नाव कोरायचं आणि वर्कशॉपही पुढे त्यानेच बघायचं. माझे कान काही आता फार दिवसांचे सोबती नाहीत."

त्यांच्या दोन्ही मुली ताटात बघत राहिल्या. साडू हसला आणि म्हणाला, "दादाच जिंकतील." मला त्याचं ते हसणं आवडलं नाही. मनापासून होतं, म्हणून तर जास्तच आवडलं नाही.

बोर्ड सगळे सारखेच दिसतात, म्हणून खुणेला नेलपेंटचा ठिपका द्यायची आमची पद्धत. माझा लाल, बायकोच्या बाटलीतला. त्याचा हिरवा, मेहुणीच्या बाटलीतला. हिरवं नेलपेंट लावतं तरी कोण, असं मी एकदा विचारलं होतं, तर मेहुणीने दहाही बोटं माझ्या नाकासमोर धरली होती.

शांतता मोजायची रीत अशी. माइकच्या जागी एक साधा रेझिस्टर लावायचा, डबी गादीखोलीत ठेवायची, बटण दाबून दार ओढून घ्यायचं. पाच मिनिटं काहीच रेकॉर्ड करायचं नाही आणि मग त्या काहीच-नाहीची मोजणी करायची. त्यातही एक बारीक सरसर येतेच. ती बोर्डाची चूक नसते. कुठलीही ऊबदार वस्तू गप्प बसत नाही, तिच्यातून एवढी सरसर निघणारच. तिला आम्ही तळ म्हणतो. चांगला बोर्ड तळाच्या जरा वर राहतो. फार चांगला बोर्ड तळाला टेकतो. तळाच्या खाली काही नसतं.

माझा बोर्ड तळाच्या दोन डेसिबल वर आला. मी खूश होतो. साडूचा चार डेसिबल खाली गेला.

मी वायर बदलली. यंत्र बदललं. रेझिस्टर काढून दुसरा लावला. पाच डेसिबल खाली. शेवटी जे कोणाला सांगितलं नाही तेही केलं: त्याच्या बोर्डाची हुबेहूब नक्कल केली. त्याच खणातले भाग, तीच जागा, तेच अंतर. नक्कल पुस्तकात लिहिल्याप्रमाणे तळाला टेकली आणि सरसरत राहिली. म्हणजे चोरी करूनही मी नियमातच राहिलो.

"तुझा बोर्ड तळाच्या खाली जातोय," मी त्याला म्हणालो.

"मग चांगलंच आहे की, दादा."

"चांगलं नाही. अशक्य आहे."

"बाबांना सांगताना तेवढं दुसरं वाक्य गाळा," तो म्हणाला आणि गुणगुणायला लागला.

त्या आठवड्यात आम्ही घरच्या घरी तालीम केली. बायको गायली, मेहुणीने व्हायोलिन घेतलं, सासऱ्यांनी बासरी, जिच्यात आता सूर कमी आणि फुंकर जास्त असते. हिरव्या ठिपक्याची डबी व्हायोलिनला होती, बाकीच्या दोन डब्यांत माझे जुने बोर्ड. रेकॉर्डिंग सुरू झालं की एकाने मधोमध उभं राहून एक खणखणीत टाळी द्यायची असते. ती सगळ्या माइकमध्ये शिरते. मागाहून कंप्युटरवर प्रत्येक आवाजाची एकेक पट्टी एकाखाली एक मांडली की टाळीची टोकं एका रेषेत दिसली पाहिजेत. दिसली की समजायचं, डब्यांचा ठोका जुळला. टाळी साडूने दिली.

दुपारी मी एकटा बसून मांडणी केली. गाण्यात टाळी होती. बासरीत टाळी होती. व्हायोलिनच्या पट्टीत टाळी नव्हती.

बाकी सगळं होतं. खुर्चीची करकर होती, रस्त्यावरचा हॉर्न होता, तारेवर गज टेकवायच्या आधी मेहुणीने घेतलेला श्वाससुद्धा होता. टाळीच्या जागी सरळ रेघ होती.

दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून मी त्या डबीसमोर सासऱ्यांना टाळी द्यायला लावली. आली. मी दिली. आली. साडूला म्हटलं, दे. त्याने दिली, गुणगुणला, वर टेबलावर बोटांनी ठेकाही धरला. डबीत काही नाही. त्याने ठेका धरला होता तेव्हा टेबलावरचा स्क्रू थरथरत होता. स्क्रूची बारीक किणकिण आली होती, बोटं आली नव्हती.

मी कारण शोधलं नाही असं नाही. आठ दिवस शोधलं, तीन पानं आकडेमोड केली. ती पानं अजून आहेत. त्यात चूक नाही आणि उत्तरही नाही. खरं सांगायचं तर नवव्या दिवशी मी शोधणं सोडलं, कारण तोवर मला मजा यायला लागली होती.

त्याचं असं झालं, की आता बाकीच्या डब्यांतही साडूची टाळी बारीक व्हायला लागली. मग वर्कशॉपमध्येसुद्धा. तो जिन्याने वर यायचा ते कळायचं नाही. मान वळवावी तर हा शेजारी उभा. गुणगुणणं शेजारच्या घरातून यावं तसं यायला लागलं आणि एक दिवस लक्षात आलं, ओठ हलतायत आणि काहीच येत नाही. हिरवा ठिपका मात्र रोज खाली चालला होता. नऊ. चौदा. वीस.

"दाजी, तुमचे साडू हल्ली मांजरासारखे वावरतात," मेहुणी मला म्हणाली. "परवा ओट्याजवळ मागे येऊन उभे होते. मी केवढ्याने ओरडले! हातातलं पातेलंच टाकलं."

"अरे, तोंडातल्या तोंडात काय बोलतोस," सासरे त्याच्यावर डाफरले. बारा वर्षांत ते माझ्यावर कधी डाफरले नव्हते. तरीही मला बरं वाटलं.

एका दुपारी जिन्यात त्याने मला थांबवलं. चेहरा उतरलेला होता. घसा ताणून, गळ्याच्या शिरा फुगवून तो बोलला आणि मला ऐकू आलं ते कुजबुजीएवढं, पण ऐकू आलं.

"दादा, तुम्हाला माझं ऐकू येतं ना?"

मी कानामागे हात धरला आणि म्हणालो, "काय म्हणालास?"

तो परत बोलला. मी परत हात धरला. तिसऱ्यांदा तो बोलला नाही. खाली निघून गेला आणि त्याच्या चपलांचा आवाज आला नाही.

हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

शनिवारी संगीतशाळेच्या बाई डबी ऐकायला येणार होत्या. त्यांच्या गावोगाव शाखा होत्या. त्यांना चाळीस संच हवे होते, पसंत पडलं तर. सासरे सकाळी दोन्ही बोर्ड मोजणार, जिंकलेला डबीत बसवणार आणि तीच डबी बाईंसमोर ठेवणार, असं ठरलं होतं. आदल्या दिवशी साडू जेवायला गेला तेव्हा मी टेबलाशी बसलो, कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवला आणि त्याच्या बोर्डावरचा हिरवा ठिपका पुसला. तिथे लाल दिला. मी केलेल्या नकलेवर हिरवा दिला. दोन्ही फुंकर मारून वाळवले. माझा मूळ बोर्ड खणात टाकला. पाच मिनिटांचं काम.

तो बोर्ड त्याने केला होता, मान्य. पण तो काय आहे हे त्याला कुठे ठाऊक होतं? तळ कुठे असतो, हे त्याच्या गावी तरी होतं का? ओळखला मी, मोजला मी, रात्रंदिवस छातीवर धोंडा ठेवून जगलो मी. मग नाव त्याचं का? अशी माझी त्या वेळची बाजू. चोराच्या उलट्या बोंबा म्हणा हवं तर.

शनिवारी सकाळी सासऱ्यांनी स्वतः मोजणी केली. हिरवा तळाला टेकला. लाल बावीस डेसिबल खाली. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आकडा परत वाचला. मग उठले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. पहिल्यांदाच. मला रडू यायच्या बेतात होतं.

साडूने लाल ठिपक्याचा बोर्ड उचलून उजेडात धरला. सोल्डरचा थेंब हस्ताक्षरासारखा असतो, ज्याचा त्याला ओळखू येतो. त्याला ओळखू आला. मला ते दिसलं. आता हा बोलणार, मी मनात म्हटलं, पण बोलला तरी ऐकणार कोण?

तो खोकला.

खोलीत आम्ही तिघेही दचकलो. सर्वात जास्त तोच दचकला. मग त्याने हळूच, चाचपडत, दोन सूर गुणगुणून पाहिले. स्पष्ट, नेहमीसारखे. हातातला बोर्ड त्याने टेबलावर टाकला आणि चिमट्याने माझ्यापुढे सरकवला.

"दादांचाच आहे," तो म्हणाला. "पैज दादांनी जिंकली, बाबा."

आणि बेसिनपाशी जाऊन बराच वेळ हात धूत राहिला.

बाई आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. बायको गायली, लाल ठिपक्याची डबी तिच्यापुढे. टाळी मी दिली. बाईंनी हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "किती स्वच्छ! गाण्याच्या आजूबाजूला काहीच नाही." चाळीस संच तिथल्या तिथे पक्के झाले.

संध्याकाळी मी मांडणी उघडली. बायकोच्या पट्टीत माझी टाळी नव्हती.

मला कळलं नाही असं म्हणणार नाही. कळलं. पण मला वाटलं, एक टाळी गेली तर गेली.

चाळीस संचांच्या एकशे साठ डब्या. बोर्ड जोडायला दोन बायका ठेवल्या होत्या, त्यांचे बोर्ड साधे, सरसरणारे. पण नवीन डबी तयार झाली की ती पहिल्या डबीला चिकटवून ठोका जुळवावा लागतो, ही माझीच रीत. पहिली डबी लाल ठिपक्याची. नवी डबी तिला टक्कन लागायची, दिवा लुकलुकायचा, आणि सोडवून मोजली की नवीही तळाच्या खाली. मग मी तिच्या बुडाला माझं नाव कोरलेली पट्टी बसवायचो. हे काम मी दुसऱ्या कोणाला करू देत नव्हतो.

पहिल्या वीस डब्यांत माझ्या चपला गेल्या. मग किल्ल्या. मग कपात चमचा ढवळल्याचा आवाज. चहा फिरताना दिसायचा.

"तुम्ही घोरायचं थांबलात," बायको म्हणाली. "बारा वर्षांनी झोप लागली बाई मला."

पुढे आवाज बसायला लागला तेव्हाही ती हसतच होती. "भांडणात पहिल्यांदाच मी जिंकले," ती मेहुणीला फोनवर सांगत होती. मी मागेच उभा होतो, मी तिला दोनदा हाक मारली होती. ती वळली, मला पाहिलं आणि तिच्या हातून फोन पडला.

त्यानंतर ती हसली नाही. मी खोलीत शिरायच्या आधी दिव्याची उघडझाप करावी, असं तिने मला सांगितलं.

साडू वर्कशॉपमध्ये यायचा, आपलं काम करायचा, पण पहिल्या डबीच्या टेबलाकडे फिरकायचा नाही. एकदा तिच्यावर धूळ होती, सासरे म्हणाले, पूस. त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. जाताना मात्र माझ्याजवळ थांबला.

"दादा, अजून किती डब्या?"

मी बोटांनी सांगितलं. नव्वद.

"मी बाबांना सांगू का सगळं?" तो म्हणाला. "मला नाव नको. पण तुम्ही सांगा म्हणालात तर सांगतो."

मी मान हलवली. नाही.

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि मला काय वाटलं? याला चांगुलपणासुद्धा माझ्यापेक्षा जास्त जमतो. हेच वाटलं.

पहिले अर्धे संच पोचवायला आम्ही सगळे संगीतशाळेत गेलो. मोठं सभागृह, लाकडी जमीन, दोनशे मुलं-मुली, भिंतीलगत पालक. बाईंनी व्यासपीठावर मला पुढे बोलावलं. "ही डबी ज्यांनी घडवली," त्या म्हणाल्या आणि माझं नाव घेतलं. सभागृह टाळ्यांनी दुमदुमलं. पहिल्या रांगेत सासरे डोळे पुसत होते. ज्याच्यासाठी एवढं सगळं केलं ते मला मिळालं होतं.

चार मुलं वाद्यं घेऊन बसली होती. डब्या जोडल्या. बटणं दाबली. सगळे शांत झाले.

"द्या टाळी," बाई म्हणाल्या.

मी टाळी दिली.

मुलं माझ्याकडे बघत राहिली.

मी परत दिली. जोरात. तळहात झणझणले.

"द्या ना," बाई हळूच म्हणाल्या.

मी देत राहिलो. एकदा, दोनदा, पाचदा. तळहात लाल झाले. पायाखालची फळी हादरली, तिचा आवाज आला नाही. मागच्या रांगेत एक लहान मुलगी हसली आणि तिच्या आईने तिला जवळ ओढलं.

मी म्हणालो, मी देतोय. मी ओरडलो, मी देतोय!

बाई सासऱ्यांकडे बघत होत्या. सासरे जमिनीकडे.

मग खालून कोणीतरी एक खणखणीत टाळी दिली. साडू उभा होता. मुलांनी वाजवायला सुरुवात केली.

त्या संध्याकाळी मी एकटा वर्कशॉपमध्ये गेलो. पहिल्या डबीचं झाकण उघडलं. थिनरची बाटली समोर होती आणि खणात मेहुणीचं हिरवं नेलपेंट. साडूला त्याचा आवाज कसा परत मिळाला ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. कापसाचा बोळा मी भिजवलासुद्धा. एवढंच करायचं होतं: लाल पुसायचा, हिरवा द्यायचा, बुडाच्या पट्ट्या बदलायच्या. मग घरी जायचं आणि बायकोला दारातून हाक मारायची.

मग उरलेल्या ऐंशी डब्यांवर त्याचं नाव दिसलं. सासऱ्यांचा हात त्याच्या खांद्यावर दिसला. 'अरे' म्हणून त्याला मारलेली हाक ऐकू आली.

बोळा वाळेपर्यंत मी बसून राहिलो. मग एक नवी डबी घेतली आणि पहिलीला जोडली.

शेवटची डबी काल गेली. आज सकाळी बायको मला डॉक्टरकडे घेऊन गेली. घसा बसलाय, दोन महिने झाले, असं तिने सांगितलं. डॉक्टर तरुण होता, बोलका. त्याने घशात बॅटरी मारली, जीभ दाबली, मान चाचपली. घशाला काही झालेलं नाही म्हणाला.

मग त्याने शर्टाची बटणं काढायला सांगितली आणि छातीवर स्टेथोस्कोप ठेवला.

बराच वेळ ऐकलं. जागा बदलली. परत ऐकलं. कानातून काढून झटकला आणि स्वतःच्या छातीला लावून पाहिला, मान डोलावली. परत मला लावला.

"छाती साफ आहे ना, डॉक्टर?" बायकोने विचारलं.

"हो," तो म्हणाला. "अगदी स्वच्छ."

त्याने खुर्ची थोडी मागे सरकवली. मी बटणं लावत होतो. माझ्याकडे न बघता त्याने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि कागदावर तारखेच्या शेजारी वेळ लिहिली. अकरा वाजून चाळीस मिनिटं.